मंद आचेवरची भज्जी

बीदर जिल्ह्यातील मन्नाएखेळ्ळी हे हैदराबाद-सोलापूर महामार्गावरचे गाव. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. परंतु या टापूतील मराठी व कन्नड घरांचा शेजार तुटला नाही आणि स्वयंपाकही वेगळा झाला नाही. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्या आणि मराठीत वेळ अमावस्या म्हणून ओळखला जाणारा सण हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतो. बीदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत त्या दिवशी घरची मंडळी शेतावर जेवतात. उंडे आणि आंबील यांच्या जोडीला पानात मान असतो तो भज्जीचा.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, शेंगदाणे, गाजर, वांगे, मेथी, कांद्याची पात असे शेतात जे तयार असेल ते एकत्र शिजवून, चिंचेचे पाणी व बेसन लावून केलेली ही दाट, पातेलेभर पातळभाजी होय.

इतके जिन्नस एकजीव होण्यास वेळ लागतो, आणि चुलीवर तो वेळ फुकट मिळतो. पुढच्या तोंडावर भांड्याला खळखळून उकळी आली की ते मागच्या वैलावर सरकवावयाचे. पुढे भाकरी होत राहतात आणि त्याच जाळाच्या उरलेल्या धगीवर भज्जी शिजत राहते. सरपणाची ही बचत लहान नव्हे.

हेच तत्त्व पुढे यंत्रात उतरले. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास कोळशाच्या धगीवर सावकाश अन्न शिजविणारा ‘इकमिक कुकर’ तयार केला. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 साली विजेच्या अशाच भांड्याचे पेटंट मिळाले, आणि 1971 पासून ते ‘क्रॉक पॉट’ या नावाने घरोघरी पोचले. आज शहरात नोकरीवर जाणारी गृहिणी सकाळी हे भांडे लावते व संध्याकाळी गरम जेवण वाढते.

मात्र वैल आणि विजेचे भांडे यांत एक फरक आहे. वैलावरच्या भांड्याला आधी उकळी आलेली असते. विजेचे भांडे थंड पदार्थ फार सावकाश तापविते. ओल्या दाण्यांच्या बाबतीत त्याने विशेष बिघडत नाही. परंतु हंगाम सरल्यावर कोणी त्यात राजमा घालील, तर धोका आहे. कच्च्या राजम्यातील लेक्टिन नावाच्या द्रव्याने उलट्या व जुलाब होतात, आणि ते मंद आचेने नाहीसे होत नाही. म्हणून राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच मंद भांड्यात घालावा.

दुसरा नियम आंबटाचा. भाजीच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने सुटते, तेव्हा भाजी मऊ पडते. आंबट पाण्यात ते सहजी सुटत नाही. चिंच आधी पडली, तर दाणे तासन्‌तास टणक राहतात.

सहा माणसांसाठी तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे प्रत्येकी एक वाटी, वाटाणा व भिजविलेले शेंगदाणे अर्धी-अर्धी वाटी, दोन गाजरे आणि चार लहान वांगी घ्यावीत. तेलात जिरे, लसूण व वाटलेली हिरवी मिरची परतावी. त्यात दाणे, भाज्या व पाच वाट्या पाणी घालून उकळी आणावी आणि सर्व मंद भांड्यात ओतावे. झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आतच पडते. म्हणून पाणी बेताचेच हवे. कमी आचेवर सहा ते आठ तास, जास्त आचेवर तीन ते चार तास पुरतात. मधून मधून झाकण उघडू नये. साठलेली उष्णता निघून जाते.

दाणे बोटाने चेपले की शेवटच्या अर्ध्या तासात मेथी व कांद्याची पात घालावी. अर्धी वाटी बेसन चिंचेच्या पाण्यात कालवून, वेगळे शिजवून, गरम असतानाच त्यात मिसळावे. मीठ चवीप्रमाणे.

भांडे चुलीवरचे असो वा विजेचे, आधी उकळी, मग धीर आणि आंबट शेवटी, हा क्रम सोडू नये. मग सकाळी लावलेले भांडे संध्याकाळी निर्धास्तपणे उघडता येते.