एक डेटाबेस, दोन साइट्स

जँगो हे पायथनमधलं फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या वेब विभागात घडलं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्या वृत्तपत्राची बातम्यांची साइट होती एलजेवर्ल्ड डॉट कॉम आणि गावातल्या मनोरंजनाची लॉरेन्स डॉट कॉम. काही मजकूर दोन्हीकडे लागायचा. तोच लेख दोनदा कोण भरणार? जँगोमधली ‘साइट्स’ ही सोय नेमकी याच गरजेसाठी आहे.

तिच्या मुळाशी एक छोटं टेबल असतं: साइटचा आयडी, डोमेन, नाव. लेख एकाच साइटचा असेल तर लेखाच्या मॉडेलमध्ये या टेबलाची फॉरेन की घालायची. दोन्हीकडे दिसायचा असेल तर मेनी-टू-मेनी. मग मध्ये एक जोडटेबल येतं आणि कोणता लेख कोणत्या साइटवर, याच्या जोड्या त्यात साठतात. कोड आणि डेटाबेस दोन्ही साइट्सना सामायिक. सेटिंग्जची फाइल तेवढी वेगळी: एकीत साइट आयडी १, दुसरीत २.

खरी गोम क्वेरीत आहे. ‘फक्त या साइटचे लेख’ हा फिल्टर प्रत्येक व्ह्यूमध्ये हाताने लिहिता येतो, पण एके ठिकाणी जरी राहिला तरी दुसऱ्या साइटचा लेख इथे उघडतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. वाचकाने कळवलं तर कळतं. म्हणून फिल्टर मॉडेलच्या मॅनेजरमध्येच बसवायचा. जँगोचा तयार करंट-साइट-मॅनेजर तेच करतो: सेटिंग्जमधला आयडी घेतो आणि आपल्या प्रत्येक क्वेरीला साइटची अट जोडतो.

इथे क्रमाला महत्त्व आहे. मॉडेलमध्ये जो मॅनेजर आधी लिहाल तो डीफॉल्ट ठरतो आणि अ‍ॅडमिन तोच वापरतं. साइटवाला मॅनेजर वर लिहिला की संपादकाला अ‍ॅडमिनमधून दुसऱ्या साइटचे लेख दिसेनासे होतात आणि डेटा उडाला म्हणून धावपळ सुरू होते. म्हणून साधा मॅनेजर (‘ऑब्जेक्ट्स’) आधी, साइटवाला (‘ऑन साइट’) नंतर. याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त धोक्याची वाटते: सवयीने ‘ऑब्जेक्ट्स’ लिहिलं की फिल्टर बाजूलाच राहतो. अ‍ॅड्रेसमधला लेखाचा क्रमांक बदलून पाहणाऱ्या वाचकाला एवढी फट पुरते.

साइटवाल्या मॅनेजरला आयडी मिळतो तो सेटिंग्जमधून, रिक्वेस्टमधून नाही. म्हणजे एका प्रोसेसला एकच साइट. दोन वृत्तसाइट्सना हे चालून जातं. एकाच प्रोसेसवर शेकडो ग्राहकांची डोमेन्स चालवायची असतील तर नाही. तिथे सेटिंग्जमधला साइट आयडी काढून टाकायचा. मग चालू साइट विचारली की जँगो रिक्वेस्टमधल्या होस्टवरून ती शोधतो. मात्र ती साइट क्वेरीपर्यंत आपणच पोचवायची असते, आणि बॅकग्राउंडला चालणाऱ्या कामांना रिक्वेस्टच नसते. त्यांना साइट आयडी उघडपणे द्यावा लागतो.

युनिकच्या अटीही तपासाव्यात. स्लग एकटाच युनिक ठेवला तर एका साइटने ‘संपर्क’ घेतला की दुसरीला तो मिळत नाही. अट साइट आणि स्लग या जोडीवर हवी. फॉरेन की असेल तर हे एका ओळीचं काम. मेनी-टू-मेनीत साइट लेखाच्या टेबलात नसतेच, त्यामुळे ही तपासणी कोडमध्ये करावी लागते. कॅशच्या कीमध्येही साइट आयडी घालायचा, नाहीतर क्वेरी चोख असूनही पहिल्या साइटचं मुखपृष्ठ दुसरीवर झळकेल.