पितळ आणि ब्रास

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. तेव्हा पितळ म्हणजे काय, हे येथील श्रोत्यांना फारसे सांगावे लागू नये. तांब्यात जस्त मिसळले म्हणजे पितळ होते, कथील मिसळले तर कासे. घरात ते गुंड, गंज, परात या रूपांनी नांदते; काठाच्या ताटाला तर नुसते ‘पितळी’च म्हणतात. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई करतात. रंग सोन्यासारखा, पण मोल सोन्याचे नव्हे. त्यामुळे एखाद्याचे ढोंग बाहेर आले की त्याचे ‘पितळ उघडे पडले’ असे आपण म्हणतो.

इंग्रजीत पितळेला ब्रास म्हणतात. वरातीतला ब्रास बँड त्यातलाच. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ब्रास म्हणजे पैसा.

परंतु वैनगंगेच्या काठी ब्रास म्हटले की डोळ्यांपुढे वाळू येते. हा ब्रास धातू नव्हे, माप आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट उंच ढीग म्हणजे एक ब्रास. म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी वाळू, मुरूम, गिट्टी यांचा व्यवहार ब्रासवरच चालतो. सरकारी स्वामित्वधनही ब्रासवर आकारले जाते. गिलाव्याच्या हिशेबात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. तेथे जाडी धरीत नाहीत.

कामगार संघटनेच्या कामात आम्हांला वारंवार दिसते की, दर ठरलेला असतो. पण ब्रास कोठे मोजायचा, हे ठरलेले नसते. ओलसर वाळू फुगते आणि कोरडीपेक्षा पाव हिश्शापर्यंत, कधी अधिकही, जागा व्यापते. ट्रकमध्ये हादरे खाऊन तीच वाळू दबते. भरताना मोजली तर एक आकडा, उतरवल्यावर मोजली तर दुसरा. मजुराचा घाम तेवढाच, मजुरी मात्र कमी!

म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : ब्रास घनफुटांचा की चौरस फुटांचा, माप कोठे व केव्हा घ्यायचे, आणि त्या वेळी मजुरांचा माणूस हजर राहणार की नाही. कल्हई उडालेले भांडे पुन्हा कल्हईला देता येते. उचलून नेलेला ढीग पुन्हा मोजता येत नाही.