शुश्रूषेतील निरीक्षण आणि अनुमान

वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहात परिचारक जी दैनंदिन नोंद ठेवतात, तिजवर वैद्यांचा निर्णय पुष्कळ अंशी अवलंबून असतो. वैद्य काही मिनिटांपुरते येतात. परिचारक दिवसभर वृद्धांच्या सहवासात असतात. म्हणून त्या नोंदीत कोणत्या प्रकारची विधाने यावीत, याचा विचार अगत्याचा ठरतो.

निरीक्षणे दोन प्रकारची मानिली जातात. जे मोजता येते अथवा दुसऱ्या निरीक्षकासही पडताळून पाहता येते, ते वस्तुनिष्ठ होय. मिनिटास ९६ नाडीचे ठोके, टाचेवरील त्वचेची लाली, ताटात उरलेले अर्धे अन्न ही त्याची उदाहरणे. याउलट वेदना, मळमळ, भीती ही ज्याची त्यालाच कळतात; ती व्यक्तिनिष्ठ होत. परंतु व्यक्तिनिष्ठ म्हणजे अविश्वसनीय, हा समज चुकीचा आहे. वेदनेबाबत वृद्धाचे स्वतःचे शब्द हाच मुख्य पुरावा असतो. ते जसेच्या तसे अवतरणचिन्हांत लिहावेत.

खरा धोका निराळाच आहे. ‘आज आजी हट्टीपणा करीत होत्या’ हे वाक्य निरीक्षणासारखे दिसते. वस्तुतः ते परिचारकाचे अनुमान होय. त्याऐवजी ‘सकाळी ८ वाजता स्नानास नकार दिला, मुलीस ओळखले नाही, काल ओळखले होते’ असे लिहिल्यास वैद्यांस मतिभ्रमाची शंका येईल. वार्धक्यात अचानक उद्भवणाऱ्या भ्रमामागे जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. ‘हट्टी’ या एका शब्दाने त्या कारणाचा शोधच खुंटतो.

अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६० नंतरच्या दशकात पुरस्कारिलेल्या नोंदपद्धतीत रुग्णाचे कथन, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, त्यांवरून केलेले अनुमान आणि पुढील योजना ही चार अंगे पृथक् ठेविली जातात. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना आपली वेदना सांगता येत नाही, त्यांच्यासाठी २००३ साली ‘पेनॅड’ ही मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. तीत श्वसन, उद्गार, मुद्रा, अंगविक्षेप आणि सांत्वनाचा परिणाम या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. अधिक गुणांनी वेदना सिद्ध होत नाही. तिचा शोध घेण्यास कारण मात्र मिळते.

सारांश, अनुमान वर्ज्य नाही. ते अनुमान म्हणूनच, आधारासह लिहावे. ज्यांना आपली बाजू मांडता येत नाही, त्यांच्या वतीने ही नोंदच बोलत असते.