शेऱ्यातला एकच शब्द रंगवायचा तर

नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दोन वाटांनी फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरला. हळदीच्या हंगामात इथल्या शेतकऱ्यापुढे हिंगोली, वसमत आणि नांदेड असे तीन बाजार असतात. समजा, अशा मालाची नोंद कोणी एक्सेलमध्ये ठेवतो आहे. पोती, वजन, दर यांचे रकाने आकड्यांचे. खरी हकीकत असते ती शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात: ‘कांडी चांगली, ओलावा जास्त, वसमतला पाठवली, अर्धे पैसे बाकी.’

असे दोनशे शेरे झाले की ‘बाकी’ हा शब्द डोळ्यांनी शोधणे म्हणजे संध्याकाळ घालवणे. तेवढाच शब्द लाल आणि ठळक झाला, तर नजर थेट तिथे जाते.

सेल रंगतो, शब्द रंगत नाही

पहिला उपाय म्हणून बहुतेक जण कंडिशनल फॉरमॅटिंगकडे वळतात. ते उपयोगी आहे, पण त्याला सेलच्या आतले तुकडे कळत नाहीत. ‘बाकी’ सापडले की अख्खा सेल पिवळा होतो. एका शेऱ्यात चार गोष्टी असताना पिवळ्या सेलमधून नेमके काय बघायचे, ते कळत नाही. शोधा आणि बदला या सोयीतून दिलेला रंगही पूर्ण सेललाच लागतो. हाताने मात्र जमते: सेलवर दोनदा क्लिक करायचे, शब्द निवडायचा, रंग द्यायचा. पाच ओळींना हे ठीक आहे. दोनशे ओळींना तेच काम मॅक्रोकडून, म्हणजे एक्सेलला लिहून दिलेल्या सूचनांकडून, करून घ्यावे.

मॅक्रो नेमके काय करतो

ऑल्ट धरून एफ ११ दाबले की व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेची खिडकी उघडते. तिथे इन्सर्टमधून मॉड्यूल घ्यायचे आणि त्यात सूचना लिहायच्या. मुख्य सूचना दोनच. ‘इनस्ट्र’ विचारते, हा शब्द मजकुरात कितव्या जागेवर सुरू होतो? ‘कॅरेक्टर्स’ला ती जागा आणि शब्दाची लांबी द्यायची, मग तेवढ्याच तुकड्याच्या फॉन्टला रंग देता येतो. एकदा सापडला म्हणून थांबायचे नाही. सापडलेल्या शब्दाच्या पुढून पुन्हा शोधायचे आणि उत्तर शून्य आले की पुढच्या सेलकडे जायचे.

मराठी माणूस इथे हटकून चुकतो तो मोजणीत. ‘पैसे बाकी’ यात ‘बाकी’ कितव्या जागेवर? आपण म्हणू चौथ्या: पै, से, मोकळी जागा, मग बा. एक्सेल म्हणते सहाव्या, कारण त्याच्या लेखी मात्रा हे वेगळे चिन्ह आहे. ‘बाकी’ची लांबीही दोन नाही, चार. ‘क्षेत्र’ तर आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो आणि प्रत्यक्षात सात चिन्हांचा असतो. म्हणून लांबी कधीही बोटांवर मोजून लिहू नये. ‘लेन’ या सूचनेलाच विचारावी.

सूचनांत मराठी लिहिली की प्रश्नचिन्हे

व्हीबीएची खिडकी जुन्या घडणीची आहे, देवनागरीसाठी लागणारे युनिकोड तिला पेलत नाही. तिथे ‘हळद’ टंकली की ‘???’ उमटते. ‘सीएचआरडब्ल्यू’ या सूचनेने एकेक चिन्ह क्रमांकाने लिहिता येते. ह म्हणजे २३६१, ळ म्हणजे २३५५, द म्हणजे २३४२. पण असे क्रमांक कोण पाठ करणार? त्यापेक्षा त्याच फाइलमध्ये ‘शब्द’ नावाचे वेगळे पान करावे. पहिल्या रकान्यात शोधायचे शब्द लिहावेत, शेजारच्या सेलला हवा तो रंग द्यावा आणि मॅक्रोला दोन्ही तिथूनच वाचू द्यावे. पानाचा उल्लेख सूचनांत नावाऐवजी क्रमांकाने करावा, म्हणजे तिथेही प्रश्नचिन्हे येत नाहीत. ही पद्धत मला सर्वांत पटते, कारण उद्या नवा शब्द वाढवायला सूचनांना हात लावावा लागत नाही. ज्याला मॅक्रो लिहिता येत नाही, तोही यादी वाढवू शकतो.

माल, कमाल, मालक

‘माल’ शोधायला सांगितले की ‘कमाल दर’ आणि ‘मालक’ यांतलेही ‘माल’ लाल होते. इंग्रजीसाठी शब्दाची हद्द ओळखणारी तयार खूण आहे, पण व्हीबीएत वापरल्या जाणाऱ्या शोधयंत्रणेला देवनागरी अक्षरे शब्दाची अक्षरे वाटतच नाहीत. म्हणून सापडलेल्या तुकड्याच्या आधीचे चिन्ह स्वतः तपासावे. तिथे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा मजकुराची सुरुवात असेल तरच पुढे जावे. ‘कमाल’ गळतो.

शेवटची हद्द मात्र इतकी सरळ नाही, कारण मराठी शब्दाला मागून प्रत्यय लागतो. ‘ओलावा’ शोधला तर ‘ओलाव्यामुळे’ सुटून जाते. ‘वारंगा’ शोधला तर ‘वारंग्याहून’ सुटते. यादीत ‘ओलाव’, ‘वारंग’ असे मूळ ठेवावे आणि रंग मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येईपर्यंत न्यावा. मुळापुरताच रंग दिला तर ‘व्या’, ‘ग्या’ ही जोडाक्षरे मधोमध कापली जातात आणि पडद्यावर मोडकी दिसू शकतात. या रीतीने ‘मालक’ पुन्हा जाळ्यात येतो. त्यासाठी वगळायच्या शब्दांचा एक रकाना ठेवावा. ‘बाकीचा माल’ मधले ‘बाकीचा’ही त्यातच टाकावे.

‘शेऱ्यात’ची गंमत वेगळी आहे. त्यातला ऱ्या तीन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला सारखेच, एक्सेलला तीन निराळे शब्द. तिन्ही यादीत हवेत. आणि मजकूर कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर आत खरी देवनागरी नसतेच. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

चालवण्याआधी

फाइलची प्रत काढा. मॅक्रोने केलेले बदल कंट्रोल झेडने मागे जात नाहीत. फाइल मॅक्रो ठेवणाऱ्या प्रकारात, म्हणजे एक्सएलएसएममध्ये जतन करा, नाहीतर सूचना उडतात. सूत्रातून आलेल्या मजकुराचा एक तुकडा रंगवता येत नाही. आधी तिथे नुसती किंमत चिकटवावी लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल आपणहून अडवते. फाइल कोणाची हे पक्के माहीत नसेल तर ते अडलेलेच राहू द्यावेत.

फोनवर आणि इतरत्र

फोनवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, पण संगणकावर दिलेले रंग तिथे दिसतात. गूगल शीट्समध्ये हेच काम ॲप्स स्क्रिप्ट करते. तिच्या खिडकीत मराठी थेट लिहिता येते, ही मोठी सोय. फक्त तिची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि लांबीऐवजी तुकडा जिथे संपतो त्याच्या पुढची जागा द्यावी लागते. म्हणजे ‘पैसे बाकी’ मधल्या ‘बाकी’साठी एक्सेलला सहा आणि चार सांगायचे, तर गूगलला पाच आणि नऊ.