तहान मोजण्याचा दिवस

पहाटे ३.३०
थर्मासमध्ये चहा, कपाळावर बॅटरी, गाडीत नायट्रोजनचा सिलिंडर. जून महिना असला तरी न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसजवळच्या या पठारावर, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, पहाट बोचरीच असते.

४.१५
रात्री झाडं पानांची छिद्रं मिटून मुळांतून पाणी ओढतात, जरा सावरतात. म्हणून उजाडायच्या आत त्यांची तहान मोजली, की जमिनीत ओल किती उरली ते कळतं. पिन्यॉन पाइनची डहाळी कापून पोलादी भांड्यात बंद करायची, कापलेलं टोक झाकणातून बाहेर ठेवायचं आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. टोकावर पाणी चमकलं की आकडा टिपायचा. जितका जास्त दाब लागेल, तितकं झाड तहानलेलं. पिन्यॉन : १.८ मेगापास्कल, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या आठपट. शेजारचा ज्युनिपर : २.६.

६.३०
रोपांची मोजणी. चालायचं ते दगडांवरूनच. मधली काळपट, खडबडीत माती जिवंत आहे. जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलाच्या जातकुळीतल्या जीवांनी ती बांधून ठेवली आहे. एका पावलाने मोडलेलं हे कवच भरून यायला कित्येक वर्षं जातात. पिन्यॉनची रोपं बहुतेक ज्युनिपरच्या सावलीतच सापडतात. उघड्यावरचं ऊन त्यांना सोसत नाही.

८.००
कलकलाट करत निळ्या पक्ष्यांचा थवा येतो : पिन्यॉन जे. पिन्यॉनची बी म्हणजे आपल्या चिलगोज्याची चुलत बहीण. तिला पंख नसतात, त्यामुळे वाऱ्यावर उडून जाणं तिच्या नशिबी नाही. हे पक्षी शरद ऋतूत घसा भरभरून बिया नेतात आणि मातीत पुरून ठेवतात. कुठे पुरल्या ते त्यांच्या चांगलंच लक्षात राहतं. न खाता राहिलेल्या बियांतून पुढचं जंगल उगवतं. शंकूलाही घाई नसते. तो पिकायला तीन उन्हाळे लागतात आणि भरघोस बहर काही वर्षांआड येतो.

१०.००
वठलेल्या पिन्यॉनची नोंद. सालीवर राळेचे सुकलेले गोळे, सालीखाली भुंगेऱ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा. २००२-०३च्या दुष्काळात इथल्याच एका पठारावर जमिनीतली ओल आटली आणि १५ महिन्यांत ९० टक्क्यांहून अधिक मोठे पिन्यॉन मेले. ज्युनिपर बहुतेक तगले.

दुपारी १२.३०
दुसरी फेरी. पिन्यॉन : २.१. ज्युनिपर : ४.७.
उन्हात पिन्यॉन पानांची दारं लावून घेतो, म्हणून आकडा फारसा हलत नाही. पण दार लावलं की हवा आत येत नाही आणि अन्न तयार होत नाही. चार दिवसांचा प्रश्न असेल तर हा शहाणपणा. महिनोन्‌महिने चाललं तर उपासमार. मग राळ कमी पडते आणि भुंगेऱ्यांना आयतं फावतं. ज्युनिपर दार किलकिलं ठेवून काम चालू ठेवतो. त्याच्या नळ्यांतली पाण्याची धार एवढ्या ताणातही सहसा तुटत नाही. फारच झालं तर तो एखादी फांदी वाळू देतो आणि बाकीचं झाड जगवतो.

३.००
पश्चिमेला ढग. त्यांतून पावसाच्या जटा लोंबताना दिसतात, पण जमिनीला टेकायच्या आतच त्या विरून जातात. इथल्या पावसालाही मॉन्सूनच म्हणतात. तो जुलैत येतो.

रात्री ८.००
आकडे संगणकात भरून घरी फोन. तिकडे गावी, माणमध्ये, सकाळचे साडेसात वाजलेत.
"पाऊस?" मी विचारते.
"ढग हायती नुसतं. तू काय केलंस?"
सांगते. आबा जरा वेळ गप्प राहतात.
"मग दोघांतलं शहाणं झाड कुठलं?"
"पाऊस लवकर आला तर पिन्यॉन, आबा. नाही आला तर ज्युनिपर."
"आन् आधी कळतंय कुणाला?" आबा हसतात. "पेरणीचं बी तसंच हाय, पोरी."
गजर पुन्हा साडेतीनचा लावते.