वर्षाला ६,५८० कोटी

इंग्लंडमध्ये लोहयुगातल्या काही कोंबड्या सबंध पुरलेल्या सापडतात. हाडांवर सुरीची खूण नाही. एका म्हाताऱ्या कोंबडीचा मोडलेला पाय छान जुळून आलेला आहे. त्या दिवसांत तिला कुणीतरी जपलं, दाणे घातले, त्याशिवाय हे होत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या नाओमी साइक्स माणूस आणि जनावरांच्या नात्याचा इतिहास अशाच हाडांतून शोधतात. लोहयुग, रोमन आणि सॅक्सन काळातली कोंबड्यांची १२३ हाडं त्यांच्या चमूने तपासली, तर निम्म्याहून जास्त पक्षी दोन वर्षांपुढे जगलेले निघाले. पाव हिस्सा तर तीन वर्षांपुढे. कोंबडी युरोपात आली, त्यानंतर कित्येक शतकं लोक तिला सहसा खात नव्हते. तिला मान होता.

आजचा ब्रॉयलर पाच ते सात आठवड्यांत कापला जातो. २०१६ साली जगात ६,५८० कोटी कोंबड्या मारल्या गेल्या. दिवसाला १८ कोटी. भारताची सगळी लोकसंख्या धरा. तेवढ्या कोंबड्या आठ दिवसांत संपतात. सेकंदाला दोन हजार! त्या वर्षी कुठल्याही क्षणी २,२७० कोटी जिवंत होत्या, आणि रानपक्ष्यांत सर्वांत मोठी संख्या असलेली आफ्रिकेतली क्वेलिया दीडशे कोटींच्या आसपास.

पण मला जास्त हादरवतो तो वजनाचा आकडा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ची आणि २००५ची जात एकाच खाद्यावर वाढवली. ५६व्या दिवशी जुना पक्षी भरला ९०५ ग्रॅम, नवा ४,२०२. हा भार पायांना आणि काळजाला पेलत नाही. पाचव्या आठवड्याऐवजी नवव्यापर्यंत ठेवलं, तर आपोआप मरणाऱ्यांचं प्रमाण सातपट होतं. कोंबडी माणूस पूर्वीपासून मारत आलाय. वाढू दिली तर मरेल अशी कोंबडी मात्र त्याने गेल्या सत्तर वर्षांत घडवली, आणि याला नातं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या पिलांच्या आईबापांना तर वर्षभर जगवावं लागतं, नाहीतर अंडी कुठून येणार? पोटभर दिलं तर तेही फुगून मरतील. म्हणून वाढीच्या वयात त्यांना भुकेच्या निम्म्याहूनही कमी खाद्य मोजून घालतात. एवढं मांस पिकवणाऱ्या धंद्याचा पाया असा उपाशी ठेवलेल्या पक्ष्यांवर उभा आहे.