श्वान-मानव बंध
कुत्रा आणि त्याचा धनी यांच्यात सहवासातून निर्माण होणारा परस्परांविषयीचा ओढीचा व विश्वासाचा संबंध. माणसाने गाय, घोडा, उंट, हत्ती इ. अनेक प्राणी माणसाळविले. परंतु स्वजातीयांचा कळप सोडून माणसालाच आपला कळप मानणारा प्राणी म्हणून कुत्र्याचे स्थान वेगळे आहे. हा संबंध केवळ अन्नाच्या लोभावर उभा आहे, की त्यात खरोखर काही जिव्हाळा आहे, हा प्रश्न जुना आहे. त्याची प्रयोगसिद्ध तपासणी मात्र प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली.

कुत्रा हा करड्या लांडग्याच्या एका आता नष्ट झालेल्या शाखेपासून उत्पन्न झाला, असे जननविज्ञान सांगते. शेती सुरू होण्यापूर्वीच, माणूस शिकारी व भटका असताना, तो माणसाजवळ आला. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये एका दगडखाणीत सु. १४,००० वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्यात एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याच्या पिलाचीही हाडे होती. २०१८ मध्ये या पिलाच्या दातांचे पुन्हा परीक्षण झाले, तेव्हा मृत्यूसमयी ते सु. सात महिन्यांचे होते आणि त्याआधी काही आठवडे ते डिस्टेंपर या रोगाने आजारी असावे, असे अनुमान निघाले. अशा अवस्थेत ते शिकारीच्या वा राखणीच्या उपयोगाचे नव्हते आणि कोणी ऊब, पाणी व अन्न दिल्याशिवाय इतके दिवस जगलेही नसते. उपयोगापलीकडच्या मायेचा इतका जुना पुरावा दुर्मिळच म्हटला पाहिजे. इझ्राएलमधील ऐन मल्लाहा येथील सु. १२,००० वर्षांपूर्वीच्या दफनात मृत व्यक्तीचा हात पिलावर ठेवलेला आढळला. काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळीही माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळतात.

भारतीय परंपरेत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. धर्मशास्त्राने त्याला अशुद्ध ठरविले. पण ऋग्वेदात पणींनी दडविलेल्या गाईंचा माग इंद्राची कुत्री सरमा हीच काढते आणि यमाच्या वाटेवर तिचेच दोन चतुरक्ष पुत्र राखण करतात. महाभारतात तर कुत्र्याची कथा आरंभी व अखेरीस अशी दोनदा येते. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात त्याचे भाऊ सरमेच्या पिलाला काही अपराध नसता मारतात व ती त्याबद्दल शाप देते. महाप्रस्थानिकपर्वात सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. दोन्ही ठिकाणी कसोटी माणसाची आहे, कुत्र्याची नव्हे. महाराष्ट्रात खंडोबाच्या परिवारात कुत्रा असतो. त्याचे उपासक वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात आणि काही विधींत कुत्र्याप्रमाणे भुंकून कोटंब्यातील अन्न खातात. दत्तात्रेयाच्या चित्रातील चार कुत्रे हे चार वेदांचे प्रतीक समजले जातात. छत्रपती शाहूंचा खंड्या कुत्रा प्रसिद्ध असून त्याने वाघापासून महाराजांना वाचविल्याची कथा सांगतात. त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुली येथे दाखविली जाते. रायगडावरील वाघ्याचे स्मारक मात्र १९३६ मधील असून, या कुत्र्याला शिवकालीन कागदपत्रांचा आधार दाखविता न आल्यामुळे ते वादाचा विषय झाले आहे. पारशी समाजात मृतदेहाला कुत्रा दाखविण्याचा ‘सगदीद’ हा विधी आहे. मुंबईत इंग्रज अंमलदारांनी बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी लोकांनी त्याविरुद्ध दंगा केला, यामागे ही श्रद्धाही होती.

बंध जडण्याच्या दृष्टीने पिलाचा सु. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ विशेष महत्त्वाचा असतो, असे जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले (१९६५). या काळात माणसाचा स्पर्श व सहवास न लाभलेले पिलू पुढे माणसाला बुजते. पिलू फार लवकर आईपासून तोडणे जसे अपायकारक, तसेच त्याला या काळात एकटे कोंडून ठेवणेही अपायकारक होय.

धन्याशी असलेल्या नात्याच्या स्वरूपावर बूडापेस्ट येथील संशोधकांनी १९९८ मध्ये महत्त्वाचा प्रकाश टाकला. आई व मूल यांच्यातील आसक्ती तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी योजलेली कसोटी त्यांनी कुत्र्यांना लावली. अनोळखी खोलीत धनी असताना कुत्रे मोकळेपणाने हिंडत व खेळत. तो बाहेर गेला की दाराशी उभे राहत आणि परतताच त्याच्याकडे धाव घेत. परक्या माणसाने कितीही लळा लावला, तरी त्याला ती जागा मिळत नसे. धनी हा कुत्र्याला केवळ अन्नदाता नसून सुरक्षिततेचा आधार असतो, असा याचा अर्थ आहे. याच गटाच्या दुसऱ्या एका प्रयोगात (२००३) उघडता न येणारे खाद्यपात्र समोर ठेवले असता कुत्रे थोड्या खटपटीनंतर माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. माणसानेच लहानाचे मोठे केलेले लांडगे मात्र पात्राशीच झुंजत राहिले.

या ‘पाहण्या’ला बराच अर्थ आहे. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखविले की, धनी व कुत्रा एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसीन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. आई व तान्हे मूल यांच्यातील जवळिकीशी निगडित असलेले संप्रेरक हेच होय. एकाच संप्रेरकावरून मायेचे मोजमाप करणे धाडसाचे ठरेल. तरीपण हा परिणाम माणसाने वाढविलेल्या लांडग्यांत दिसला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. भुवईचा आतला भाग उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित असतो, लांडग्यांत तो जवळजवळ नसतो, असे २०१९ मध्ये आढळले. त्यामुळे येणारा करुण भाव माणसाला आवडला आणि अशी पिले अधिक जगली, असा तर्क आहे.

कुत्र्याच्या निष्ठेच्या कथांत टोकिओच्या हाचिकोची कथा सर्वश्रुत आहे. त्याचा धनी प्राध्यापक ऊएनो हिदेसाबुरो १९२५ मध्ये मरण पावला. त्यानंतर १९३५ पर्यंत हाचिको शिबुया स्थानकाबाहेर येत राहिला. स्थानकाजवळच्या लोकांकडून खाऊ मिळे म्हणून तो येई, असेही म्हटले गेले. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. दुसऱ्या बाजूस, सोडून दिलेल्या व आश्रयगृहात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांना प्रत्येकी दहा मिनिटांचा सहवास अवघा तीनदा लाभला, तरी ते त्या माणसाशी आसक्ती दाखवू लागतात, असे दिसून आले आहे (२००१). कुत्रा जन्मात एकच धनी करतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

धन्याच्या बाजूने होणारे गैरसमज कुत्र्याला भोवतात. घरी नासधूस करून मान खाली घालणारा कुत्रा अपराधी असतो, असे मानतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ मधील प्रयोगात हा चेहरा कुत्र्याच्या चुकीवर नव्हे, तर धन्याच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे दिसले. काहीच न केलेले कुत्रेही रागावल्यावर तसेच वागले. एकटे सोडल्यावर दार ओरबाडणे, सतत भुंकणे, घरात मूत्रविसर्जन करणे हे बहुधा सूड वा खोडी नसून विरहातून येणारी भीती असते. अशा वेळी शिक्षा केल्याने भीती वाढते. थोडा थोडा वेळ एकटे राहण्याची सवय लावणे हा त्यावरील उपाय होय.

भारतातील बहुसंख्य कुत्र्यांना एकच असा धनी नसतो. गावातील वा गल्लीतील कुत्रा अनेक घरांच्या भाकरीवर जगतो आणि त्या सर्वांची राखण करतो. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व अनुसंधान संस्थेतील अभ्यासात (२०१७) वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसाविषयी अशा कुत्र्यांचा विश्वास अन्नापेक्षा गोंजारण्याने अधिक वाढल्याचे आढळले. अर्थात या नात्याला काळी बाजूही आहे. माणसाला होणारा आलर्क (रेबीज) रोग बहुतेक कुत्र्याच्या चाव्यानेच होतो व लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित लस घेणे आवश्यक असते. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याविषयीचे केंद्र शासनाचे नियम २००१ मध्ये आले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम करण्यात आले. पाळलेला कुत्रा आजारी वा म्हातारा झाल्यावर रस्त्यावर सोडण्याची प्रथा मात्र शहरांत आढळते. घरात वाढलेल्या अशा कुत्र्याला उकिरड्यावर जगण्याची कला अवगत नसते आणि मोहल्ल्यातील कुत्री त्याला आपल्या हद्दीत सहजासहजी येऊ देत नाहीत.